दगडाबाईच्या विहिरीचे दोन झरे

७ जानेवारी १९५८, झरी

पोचले. हैदराबादेहून परभणीपर्यंत आगगाडी, पुढं मोटार, शेवटी बैलगाडी. गाडीत माझ्या एका अंगाला वळकटी आणि दुसऱ्या अंगाला एकशेवीस रिकाम्या बाटल्या. प्रत्येक खड्ड्याला त्या अशा खुळखुळत होत्या, की वाटेतली माणसं वरात आली म्हणून बांधावर उभी राहिली. एकही फुटली नाही. हा शुभशकुन समजावा की नाही, हे शास्त्राच्या विद्यार्थिनीनं ठरवायचं नसतं. मी समजले.

आबासाहेब बाबांचे मोंढ्याच्या बाजारातले जुने स्नेही. त्यांच्याकडे राहायची सोय झाली आहे. खोलीच्या अर्ध्या भागात सरकी, अर्ध्या भागात मी. त्यांच्या पत्नी कस्तुराबाईकाकूंनी बाटल्या पाहून विचारलं, "औषिध हाय का ह्यात?"

"नाही काकू, रिकाम्या आहेत. पाणी भरून न्यायचंय."

"आमच्या हिरीचं? हैदराबादेला पाणी न्हाई?"

आहे म्हटलं. काकू आत गेल्या. मग कुणाशी तरी स्वैपाकघरात म्हणाल्या, "चांगल्या घरची हाय, बगा."

वय सव्वीस, एम.एस्सी. रसायनशास्त्र, शिष्यवृत्तीची मुदत ३१ मार्चपर्यंत. तोवर दाखवण्याजोगं काही हाती लागलं नाही, तर शिष्यवृत्ती दुसऱ्याला जाणार, असं माझ्या मार्गदर्शकांनी, औंढेकर सरांनी, निघताना सांगितलं. सरांचं मत असं: इथला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात वाफेचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत नंतर पांढरे स्फटिक भरले आणि प्रकरण कोट्यवधी वर्षांपूर्वी मिटलं. माझं मत असं, की पाणी अजून त्या दगडातून फिरतं आहे, म्हणजे प्रकरण मिटलेलं नाही. पाणी दगडाकडून काही घेतं, दगड पाण्याकडून काही घेतो, आज, आत्ता, मी हे लिहीत असतानासुद्धा. "पुरावा?" सर म्हणाले होते. पुराव्यासाठीच बाटल्या.

९ जानेवारी

गावात माझी तीन नावं झाली आहेत: नर्सबाई, गारगोटीवाली आणि सरकारी बाई. पहिल्या नावामुळे सकाळपासून दोन खोकले आणि एक सुजलेला गुडघा तपासायला आला. मी दगड तपासते म्हटल्यावर गुडघा म्हणाला, "माजा बी दगडच झालाय, बगा की."

विहिरी मात्र सुंदर. माती, मग मुरूम, मग काळा पाषाण आणि त्याखाली भोकाभोकांचा ठिसूळ खडक. प्रत्येक भोकात पांढरा, मोतिया, कुठं गुलाबी खडा. विहिरी खोदणारे ह्याला मांजऱ्या म्हणतात. आमच्या पुस्तकातलं नाव अर्धी ओळ व्यापतं आणि ह्यांनी तीन अक्षरांत आटपलं.

१२ जानेवारी

काकूंच्या चुलीवर प्रयोग केला. मांजऱ्यातला पांढरा खडा चिमट्यात धरून निखाऱ्यात घातला. ह्या स्फटिकांच्या पोटात पाणी असतं. तापले की ते फसफसतात, फुगतात, पानासारखे उलगडतात. ह्यांना झिओलाइट म्हणतात, म्हणजे उकळणारा दगड.

काकू पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. म्हणाल्या, "दगडाला कड आला की." मग शेजारच्या दोघींना बोलावलं. मग त्यांनी आणखी चौघींना. मी अकरा खडे उकळले. संध्याकाळची भाकरी तासभर उशिरा झाली आणि आबासाहेबांनी त्याबद्दल कुणाला काही विचारलं नाही, कारण तेही दारात उभे राहून बघत होते.

१४ जानेवारी, संक्रांत

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे, पण हात पळतोय.

तिळगूळ झाल्यावर काकू म्हणाल्या, "डाळीचं पाणी आणाया दगडाबाईच्या मळ्यात जायचंय, येतीस का?" मला वाटलं, दगड तपासते म्हणून मलाच दगडाबाई म्हणून चेष्टा चाललीय. पण खरंच एका बाईचं नाव दगडाबाई. गावापासून मैलभर तिचं शेत. रोज सकाळी पंधरावीस बायका तिथून हंडा हंडा पाणी आणतात, फक्त डाळीसाठी. काकूंच्या दारात विहीर आहे, भरलेली आहे, तरी.

"आमच्या पाण्यात डाळ दुपारपतोर शिजत न्हाई," काकू म्हणाल्या. "दगडाबाईचं पाणी मऊ हाय."

मऊ पाणी. बाटलीतलं साबणाचं द्रावण घेऊन मी हंड्यामागं जवळजवळ पळत गेले. प्रयोग सोपा आहे. ठरावीक पाणी बाटलीत घ्यायचं, ड्रॉपरनं साबणाचे थेंब टाकत हलवायचं, आणि टिकाऊ फेस यायला किती थेंब लागतात ते मोजायचं. पाण्यात चुना जास्त तितके थेंब जास्त. काकूंची विहीर: बासष्ट. दगडाबाईची: नऊ.

नऊ. तीन वेळा केलं. नऊ, नऊ, दहा.

दगडाबाई पन्नाशीची, उंच, विधवा, एकटी राहते. दोन्ही हात कमरेवर ठेवून माझा खेळ बघत होती. म्हणाली, "काय करायलीस?"

"पाणी मऊ आहे का ते बघतेय, मावशी."

"त्ये आमाला ठावं हाय. सासूच्या आदीपासून ठावं हाय."

"पण किती मऊ ते?"

"डाळ शिजती तितकं." मग माझ्या झोळीतले खडे बघून हसली. "माजं नाव दगडाबाई, अन् दगडं येचायलीस तू."

तिच्या विहिरीत मांजऱ्याचा पाच हात जाड थर आहे. काकूंच्या विहिरीत जवळजवळ नाहीच. थर आहे तिथं पाणी मऊ, थर नाही तिथं जड. हा माझा पुरावा. सरांना सात पानी पत्र लिहिलं.

२५ जानेवारी

सरांचं उत्तर. जसंच्या तसं उतरवते, म्हणजे म्हातारपणी वाचून रडता येईल.

"सुमित्राबाई, पत्र मिळाले. दोन विहिरींवरून सिद्धांत मांडणे म्हणजे दोन पावसांवरून पंचांग करणे. पाण्यातला चुना दगडाने घेतला असे तुम्ही म्हणता. बदल्यात दगडाने काय दिले? फुकट कोणी काही देत नाही. विचार करा. पत्र लिहिताना शाई कमी वापरा."

एवढंच. सोबत एक पार्सल: साबणाच्या द्रावणाच्या दोन बाटल्या, सहा काचनळ्या, एक नवा ड्रॉपर, आणि सरांच्या पत्नीनं विणलेला स्वेटर. सरांना माझ्या कामात रस नाही हे उघड आहे.

स्वेटर उबदार आहे.

२९ जानेवारी

आप्पाराव भेटले. दगडाबाईच्या शेजारी त्यांचं आठ एकर रान. नवी विहीर खोदायला काढली आहे, जागा ठरत नव्हती. मी पाहणी केली. मांजऱ्याचा थर दगडाबाईच्या विहिरीतून त्यांच्याकडेच जातो. साठ पावलांवर काठी रोवली आणि म्हटलं, "इथं खोदा. दगडाबाईच्या विहिरीसारखं मऊ पाणी लागेल."

आप्पाराव म्हणाले, "पाणी लागलं म्हंजे झालं, बाई. मिरच्या लावायच्यात."

आप्पाराव भारावून गेले होते. डोळ्यांत पाणीही असावं, पण धूळ फार होती.

८ फेब्रुवारी

रोज सकाळी आप्पारावांच्या खोदकामावर, दुपारी बाटल्या. पंधरा हातांवर मांजऱ्या लागला. मी म्हटलं होतं तसाच. मी काठावर टाळ्या वाजवल्या, तेव्हा सुरुंग लावणारे लोक पळाले. टाळी म्हणजे सुरुंग पेटल्याची खूण असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गावात आता माझं चौथं नाव: पाणाड्या. पाणी दाखवणारा माणूस म्हणजे पाणाड्या, पण बाईला काय म्हणावं यावर पारावर चर्चा झाली आणि निर्णय न होता लोक जेवायला गेले.

१७ फेब्रुवारी

पाणी लागलं. चांगलं मनगटाएवढं. आप्पारावांनी नारळ फोडला, गूळ वाटला. सगळे जमले होते. मी सर्वांसमोर बाटली भरली, साबण टाकला, हलवली.

वीस थेंब. फेस नाही. तीस. नाही. चाळीस. काकू म्हणाल्या, "आजून जरा टाक." अठ्ठावन्नला फेस आला.

अठ्ठावन्न. तोच थर, तोच खडक, साठ पावलांवर. पाणी जड.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माझं चुकलं." आप्पाराव म्हणाले, "पाणी तर लागलं की, बाई." ते किती मोठ्या मनाचे आहेत. माझी मान खाली होती, त्यामुळे त्यांचा चेहरा दिसला नाही, पण आवाजात दुःख दाबलेलं होतं. नंतर त्यांच्या वाटेनं गाण्याचा आवाज आला. माणूस दुःखात असाही गातो.

खोलीत आले आणि सरकीच्या ढिगावर बसून राहिले. सर बरोबर होते. दोन विहिरींवरून पंचांग. तिसरीनं फाडून टाकलं.

१९ फेब्रुवारी

काल काही लिहिलं नाही. ट्रंक भरायला घेतली होती.

आज दगडाबाई खोलीवर आली. आजवर कधी आली नव्हती. दारातच उभी राहिली. "दोन दिस झाले, आली न्हाईस."

मी सांगितलं की माझा अंदाज चुकला, आप्पारावांना मी फसवल्यासारखं झालं.

"आप्पारावला?" ती हसायला लागली. उंबऱ्यावर टेकून हसत राहिली. "आगं, त्यो गावभर सांगत सुटलाय, वाचलो म्हणून. माज्या पाण्यावर काय पिकतंय का? वांगी लावली, जळाली. जमीन पांढरी पडती, विटंवानी कडक होती. डाळीला चांगलं, वांग्याला वाईट. माजं पाणी त्याच्या मिरच्याला घातलं असतं तर त्यो तुला अन् मला दोघींला शिव्या देत बसला असता."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस का? तू नुसती डाळीचं इचारायलीस."

हे खरं आहे. मी पाणी कसं आहे विचारलं, पाणी काय करतं हे विचारलं नाही. दीड महिना गावातल्या प्रत्येक विहिरीत बाटली बुडवली आणि एकाही माणसाला नीट प्रश्न विचारला नाही.

मग ती म्हणाली, "अन् हीर एक असली तरी पाणी एक न्हाई. मावळतीचा झरा मऊ हाय. उगवतीचा जड. गाळ काढायला उतरल्यावर कळतंय. उद्या चल."

ट्रंक रिकामी केली.

२० फेब्रुवारी

उतरले. खडकात खोबणी आहेत, त्यात पाय रोवत दगडाबाई आधी, मी मागून. कंबरेला दोर, वर काकू आणि आणखी पाचजणी दोर धरून, आणि सहाच्या सहाजणी वेगवेगळ्या सूचना देत. साडी खोचून, तोंडात ड्रॉपर धरून मी बावीस हात खाली गेले. आई बघती तर तिनं तिथंच मला तुळशीपुढं उभं करून शपथ घातली असती.

मावळतीचा झरा, मोठा: पाच थेंब.
उगवतीचा झरा, बारीक: एक्केचाळीस.

एकाच विहिरीत, एकाच थरातून, समोरासमोर. मी "एक्केचाळीस" असं ओरडले, तर वरच्या सहाजणींना वाटलं मी दोर ओढायला सांगितलं. निम्मी वाट अधांतरी प्रवास झाला. गुडघा सोलला. काही वाटलं नाही.

म्हणजे थर सगळीकडे एकच असला तरी त्याची गुणवत्ता एक नाही. का?

२६ फेब्रुवारी

कंदिलाची काच खालून फडक्यानं बांधली, आत आप्पारावांच्या ढिगाऱ्यातला मांजऱ्या कुटून भरला, वरून त्यांच्याच विहिरीचं पाणी सोडलं. वर अठ्ठावन्न, खाली अठ्ठावन्न. दगड ढिम्म.

मग दगडाबाईच्या मावळतीच्या कपारीतला मांजऱ्या कुटला, तेच केलं. वर अठ्ठावन्न, खाली अकरा.

अकरा. काकूंना हाक मारली, काकूंनी पाणी जिभेवर घेतलं. म्हणाल्या, "सोड्यावानी लागतंय. दगडाबाईचं पाणी नसलं की आमी डाळीत चिमटभर सोडाच घालतो की."

सोडा. सोडियम. दगड चुना घेतो आणि बदल्यात सोडियम देतो. सरांचा प्रश्न, "बदल्यात दगडाने काय दिले?" त्याचं उत्तर महिनाभर काकूंच्या चुलीमागच्या डब्यात होतं. वांगी जळाली तीही ह्याच सोडियमनं. सगळं एका झटक्यात जागेवर बसलं. मी काकूंना मिठी मारली. त्यांच्या हातात पीठ होतं, त्यामुळे आता माझ्या पाठीवर दोन पांढरे पंजे आहेत आणि मी ते पुसणार नाही.

२७ फेब्रुवारी

तांब्यामागून तांब्या पाणी ओतत राहिले. अकरा, चौदा, तेवीस, सदतीस, छप्पन्न. दगड दमला. त्याच्याजवळचं सोडियम संपलं, पोट चुन्यानं भरलं. आप्पारावांचा दगड आधीच पोट भरून बसलेला होता.

मग मीठ आठवलं. मिठातही सोडियम. काकूंकडून ओंजळभर खडेमीठ घेतलं, पाण्यात कालवून काचेतून सोडलं, साध्या पाण्यानं धुतलं आणि पुन्हा जड पाणी ओतलं.

आठ थेंब.

आप्पारावांच्या ढिम्म दगडालाही मीठ चारलं. बारा थेंब.

अंगणात कोण कोण होतं आठवत नाही. मी मात्र काच डोक्यावर धरून तुळशीभोवती फिरत होते आणि आबासाहेब म्हणत होते, "काच फुटंल, काच फुटंल," आणि तेही माझ्यामागून फिरत होते.

३ मार्च

दगडाबाईला सगळं समजावून सांगितलं. दगड सोडा देतो, चुना घेतो, शेवटी भरतो, मग त्यातून येणारं पाणी जडच्या जड राहतं. ती शेंगा फोडत ऐकत होती, मीही तिच्याबरोबर फोडत होते.

"म्हंजे उगवतीचा झरा भरला," ती म्हणाली.

"हो, असं वाटतं. पण ते घडायला किती हजार वर्षं लागली असतील, कुणास ठाऊक."

"हजार कशाला? मी लगीन होऊन आले तवा त्यो बी मऊ हुता. सासू त्याच झऱ्याचं पाणी भरायची, उगवतीला पायऱ्या हुत्या म्हणून. थोरला पोटात असताना डाळ शिजंना झाली. सासू मला बोलायची, तुला सैपाक येत न्हाई. मी रडायची. मग एक डाव मावळतीचं पाणी आणलं अन् डाळ लोण्यावानी शिजली. तवापासून तिकडलं भरतो."

"थोरला आता केवढा आहे?"

"बत्तीसचा. नांदेडला गिरणीत हाय."

मी शेंगा फोडणं थांबवलं. माणसाच्या आठवणीत दगड बदलला होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी मिटलेलं प्रकरण एका सासुरवाशिणीच्या डाळीत चालू होतं, आणि ते लक्षात आलं, कारण तिला बोलणी बसली.

सरांना पत्र. ह्या वेळी दोन पानं.

१४ मार्च

सरांचं उत्तर: "कंदिलाच्या काचेचे आकडे पाहिले. ठीक. बाईंच्या आठवणीला पुरावा म्हणता येत नाही. आठवणीत सगळ्यांचेच पाणी मऊ असते. मी २३ तारखेला येत आहे. विहिरीत उतरण्यासाठी कोणते जोडे आणावेत ते कळवावे."

येऊन सगळं मोडीत काढणार. जोड्यांचं कळवलं: अनवाणी.

२३ मार्च

सर आले. कोट, टाय, हातात छत्री, वय अठ्ठावन्न. काकूंनी केलेलं सगळं जेवले, मग म्हणाले, "विहीर."

कोट काढून त्यांनी आप्पारावांच्या हातात दिला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खोबणीत पाय रोवत उतरायला लागले. आम्ही आठजण दोर धरून. खाली गेल्यावर तासभर आवाज नाही. मी तीनदा हाक मारली. शेवटी वर आलं ते असं: "दगडाची चव घेतोय. गप्प बसा."

वर आले तेव्हा टायला चिखल, चष्म्यावर पाणी. दगडाबाईसमोर जमिनीवर बसले. तिला बसायला सांगितलं. वही काढली.

"बाई, थोरला पोटात असताना डाळ शिजेनाशी झाली. एकदम, की हळूहळू?"

"हळूहळू. आदी तूर अडली. मूग शिजायचा. मग हरभरा अडला. मूग लय मागून."

सरांची पेन्सिल थांबली. "आधी तूर, मग हरभरा, शेवटी मूग?"

"व्हय. किती सालं लागली म्हणून इचारा. तूर अडली अन् मूग अडला, ह्यात दोन बाळंतपणं झाली."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. एखाद्याला परीक्षेत नापास करायला बसलेल्या माणसासमोर त्यानं अख्खा आलेख काढून ठेवावा, तसा. "सुमित्राबाई," ते म्हणाले, "ही आठवण नाही. हे मोजमाप आहे. पाणी जड होत गेलं तशी एकेक डाळ अडत गेली. उपकरण डाळीचं आहे, एवढंच." मग दस्ती काढून चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

२४ मार्च

निघताना सरांनी सांगितलं, शिष्यवृत्ती आणखी दोन वर्षं. त्याचा अर्ज त्यांनी फेब्रुवारीतच पाठवला होता. "पण फेब्रुवारीत तर माझं सगळं चुकलं होतं," मी म्हटलं. "हो," सर म्हणाले, "म्हणूनच वेळ लागणार हे उघड होतं."

मला हा तर्क अजून कळलेला नाही.

शोधनिबंधावर दोन नावं असावीत की तीन यावर बैलगाडी निघेपर्यंत वाद. सर म्हणाले तीन, तिसरं दगडाबाईचं; मी म्हटलं, तिला विचारल्याशिवाय नाही. शेवटी दोघांनी दगडाबाईला विचारलं. ती म्हणाली, "नाव घाला, पण गावाचं बी घाला. दगडाबाई लय असत्यात."

३० मार्च

एक गोष्ट राहिली होती आणि ती मी टाळत होते. आज सांगितली.

"मावशी, मावळतीचा झराही भरणार एक दिवस. पंचवीस वर्षं, तीस, ठाऊक नाही."

तिनं रहाटाचा दोर सरळ केला. रोज सकाळी ह्या विहिरीवर वीस बायका येतात, हसतात, भांडतात. तिच्या एकटीच्या दिवसाची सुरुवात तिथून होते. हे मला आजवर दिसत होतं, पण मी पाण्याकडे बघत होते.

"मला कळंल का, भरायला लागला म्हंजे?"

"थेंब वाढतील."

"मग त्ये थेंबाचं मला शिकीव."

दिवसभर शिकवलं. बाटलीवर पाण्याची खूण, थेंब मोजणं, हलवणं, फेस टिकतो का बघणं. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. तिला लिहिता येत नाही, पण आकडे कोळशानं भिंतीवर रेघांनी मांडते, पाचाचा गठ्ठा. दर अमावास्येला मोजायचं ठरलं, आणि शाळेतल्या मास्तरांनी कार्डावर लिहून पाठवायचं. एकशेवीसपैकी तीन बाटल्यांत साबणाचं द्रावण भरून त्या आणि नवा ड्रॉपर तिच्याकडे ठेवला. तो घेताना तिनं हात पदराला दोनदा पुसला.

२ एप्रिल, हैदराबाद

बाटल्या एकशेवीस नेल्या, भरून एकशेसतरा आणल्या. तीन दगडाबाईकडे आहेत. आई म्हणते मी काळी पडले. प्रयोगशाळेत सगळे म्हणतात मी बडबडी झाले. दोन्ही खरं.

२३ एप्रिल

पहिलं कार्ड. "मावळती पाच. उगवती एक्केचाळीस. आप्पारावच्या मिरच्या चांगल्या आल्या." सरांनी ते कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

२४ मे

आज दुपारी सर माझ्या टेबलाशी आले, हातात कार्ड, दोन्ही बाजूंनी भरलेलं, कडेकडेनंही लिहिलेलं. मास्तरांनी दगडाबाईचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतलं आहे. मी मोठ्यानं वाचलं.

"मावळती पाच, उगवती एक्केचाळीस, ह्ये झालं. पर भाचीच्या लग्नाला ताडकळसला गेले तवा बाटली संगं नेली. लग्नाच्या गर्दीत कुणाला कळलं न्हाई. तिथल्या सात हिरी बगितल्या. सा जड हायत. सातवी बाजारापाशी, तिला दोन थेंब. दोनच. मी चारदा केलं. म्हणून उतरून बगितलं. नवरदेवाच्या मामानं दोर धरला. खाली मांजऱ्या न्हाईच. नुसता काळा पाषाण, अन् मदी एक हातभर जाड लाल थर, गेरूवानी. पाणी त्यातून येतंय. तू म्हणालीस मांजऱ्यानं मऊ हुतं. मग ह्ये कामून?"

सर म्हणाले, "पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं. दोन थेंब. मांजऱ्या नाही. निबंध परवा टपालात पडायचा होता, सतरा पानं, टंकलिखित, तिन्ही नावांसकट.

सरांनी सतरा पानं उचलली, एकदा हातात तोलली आणि कपाटात ठेवून कपाट बंद केलं. रागावले असतील म्हणून मी बघितलं, तर खांदे हलत होते. हसत होते. मग मलाही आवरेना. चपराशी आत डोकावून गेला.

"लाल माती," सर म्हणाले. "दोन लाव्ह्यांच्या मधली माती. तिचा विचार आपण दोघांनी केला नाही. त्या बाईनं लग्नात केला." छत्री शोधायला लागले. छत्री त्यांच्या हातातच होती. "ताडकळसला जायला पूर्णेची गाडी किती वाजता?"

"पावणेसहा. पण सर, उन्हाळा. विद्यापीठाची सुट्टी. तुमची तब्येत."

"दगडाबाईंना तार करा. ताडकळसला भेटा म्हणावं, आणि त्या नवरदेवाच्या मामांनाही थांबवून ठेवा."

आता पाच वाजले. बाटल्या बांधून झाल्या. सरांच्या पत्नी डबा घेऊन स्टेशनवर येणार आहेत आणि त्यांनीही विचारलंय, विहिरीत उतरायला कोणते जोडे घालावेत. टांगा दारात आलाय. ताडकळसला कुठं उतरायचं, कुणाकडे, काही ठाऊक नाही. तारेत दगडाबाईचा पत्ता लिहिताना कारकुनानं विचारलं, "कोण त्या तुमच्या?"

"सहसंशोधक," मी म्हटलं. त्यानं शब्द मोजले आणि तार घेतली.